ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने जाहीर माफी मागितली, म्हणजे गैरवर्तनाचे प्रकरण संपले असे मानावे का?

तुमचा प्रश्न मी असा समजते. नाशिकमधल्या ज्या सांस्कृतिक संस्थेत तुम्ही काम करता, तिच्या एका वजनदार ज्येष्ठ पदाधिकाऱ्यावर तीन तरुणींनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्यानंतर त्यांनी फेसबुकवर माफीनामा लिहिला, आणि आता कार्यकारिणीतले बहुतेक जण म्हणत आहेत की सरांनी एवढ्या मोठ्या मनाने माफी मागितली आहे, तेव्हा विषय वाढवू नका. हे म्हणणे योग्य आहे का, आणि माफी खरी आहे की नाही हे ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

प्रकरण संपलेले नाही. उलट त्या माफीनाम्यामुळे संस्थेची जबाबदारी वाढली आहे, कारण काहीतरी घडले होते हे आता त्यांनी स्वतःच लिहून दिले आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधल्या काही कंपन्यांच्या आणि शहरातल्या काही शिक्षणसंस्थांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कायद्याने प्रत्येक समितीत अशी एक व्यक्ती असावीच लागते. तिथे आलेले माफीनामे वाचून माझे एक मत पक्के झाले आहे. एखाद्याला मनापासून पश्चात्ताप झाला आहे की नाही हे बाहेरच्याला कळत नाही, आणि ते ठरवत बसण्याची गरजही नसते. माफी मागताना त्याने पुढच्या निर्णयाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवला की तोही स्वतःजवळच ठेवला, एवढेच पाहायचे असते.

नोव्हेंबर २०१३ मधले 'तहलका' या नियतकालिकाचे संपादक तरुण तेजपाल यांचे पत्र या दृष्टीने आठवून पाहा. सहकारी तरुणीने तक्रार केल्यावर त्यांनी व्यवस्थापकीय संपादकांना ईमेल लिहिली, निर्णयात चूक झाल्याचे सांगितले, नुसते शब्द पुरेसे नाहीत, प्रायश्चित्त घ्यायला हवे असे म्हटले, आणि सहा महिने संपादकपदापासून दूर राहण्याचे जाहीर केले. पुढे त्यांनी आरोप नाकारले, मे २०२१ मध्ये म्हापशाच्या सत्र न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि गोवा सरकारने त्या निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. तेव्हा गुन्ह्याबद्दल मी इथे काहीच म्हणत नाही. मी बोलते आहे ती त्या पत्राच्या रीतीबद्दल. आरोप ज्याच्यावर, त्यानेच स्वतःची शिक्षा ठरवली, मुदतही ठरवली आणि परत कधी यायचे तेही ठरवले. तक्रारदार तरुणीची मागणी तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या विशाखा मार्गदर्शक तत्त्वांनुसार समिती नेमावी अशी होती.

आपल्या परंपरेतसुद्धा प्रायश्चित्ताची ही रीत नव्हती. धर्मशास्त्रात पाप करणाऱ्याने विद्वानांच्या परिषदेपुढे जाऊन ते उघड सांगायचे आणि प्रायश्चित्त परिषदेने द्यायचे, असा क्रम सांगितला आहे. आपल्या पंचवटीतल्या कपालेश्वराची कथा नाशिककरांना सांगायला नको. ब्रह्महत्येचे पातक लागलेल्या महादेवांना रामकुंडाची वाट नंदीने दाखवली, म्हणून त्यांनी नंदीला गुरू मानले आणि त्या देवळात नंदी त्यांच्यापुढे बसलेला नाही. दोष फेडताना कोण वर आणि कोण खाली हा क्रमसुद्धा बदलावा लागतो, असे मला त्या कथेत दिसते. तुमच्या सरांच्या माफीनाम्यानंतर संस्थेत कुणाची जागा बदलली? तुम्ही लिहिले आहे की पुढच्या नाटकाची पात्रनिवड तेच करणार आहेत. मग माझ्या मते काहीच बदललेले नाही.

आता शब्दांकडे वळते. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत हार्वी वाइनस्टीन या निर्मात्यावर आरोप प्रसिद्ध झाले, तेव्हा आपण साठ-सत्तरच्या दशकांत वाढलो आणि तेव्हा वागण्याचे नियम वेगळे होते, अशी त्याच्या निवेदनाची सुरुवात होती. असा मजकूर आपल्याकडेही पाठ असल्यासारखा येतो : काळ वेगळा होता, हेतू वाईट नव्हता, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर. पुष्कळदा तो वकिलांनी चाळून दिलेला असतो, कारण स्पष्ट कबुली उद्या न्यायालयात अंगाशी येईल ही भीती असते. भीती खरी असू शकते, पण त्या भीतीपोटी लिहिलेल्या कागदाला मनाचा मोठेपणा म्हणण्याचे कारण नाही.

याच्या उलट उदाहरण डॅन हार्मन या मालिका-लेखकाचे आहे. त्याच्या हाताखाली लिहिणाऱ्या मेगन गँझने जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या गुळमुळीत कबुलीवर जाहीर बोट ठेवले. त्यानंतर त्याने आपल्या पॉडकास्टवर सगळे क्रमाने सांगितले : ती आपल्याला आवडत होती, आपण तिचा वरिष्ठ असूनही तिच्या मागे लागलो, आजूबाजूचे लोक सावध करत असताना त्यांच्याशी खोटे बोललो, आणि तिने नकार दिल्यावर कामात तिला वाईट वागवले. गँझने त्याला जाहीरपणे क्षमा केली. हे खरोखर घडले होते, आपल्याला भास झाला नव्हता, हे त्याच्या तोंडून ऐकून किती सुटल्यासारखे वाटले, असे तिने लिहिले. अर्थात त्याला त्यापायी काही सोडावे लागले नाही, म्हणून मी त्या माफीला पूर्ण म्हणणार नाही. पण सांगण्यात त्याने कसर ठेवली नव्हती.

अशीच एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. गोपनीयतेचे बंधन असल्यामुळे काही तपशील बदलून सांगते. एका कारखान्यातल्या विभागप्रमुखाने पहिल्यांदा दिलेल्या कागदावर एवढेच होते : 'माझ्या बोलण्यातून नकळत कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगीर आहे. मी सर्व महिला सहकाऱ्यांना बहिणीसमान मानत आलो आहे.' तक्रारदार बाईंनी तो वाचला, टेबलावर पालथा ठेवला आणि विचारले, 'यात मी कुठे आहे?' समितीने तो कागद परत केला. चौकशी पूर्ण झाल्यावर, शिफारशीनुसार त्याने जे लिहून दिले ते असे होते : 'दिवाळीनंतर मी तुम्हाला रात्री उशिरा कामाशी संबंध नसलेले मेसेज पाठवत होतो. तुम्ही थांबायला सांगितल्यावर मी तुमची पाळी बदलली आणि वार्षिक मूल्यमापनात तुमचे गुण कमी केले. तुमच्या कामात चूक नव्हती.' त्या शेवटच्या वाक्याच्या आधारे व्यवस्थापनाला तिचे मूल्यमापन दुरुस्त करावे लागले आणि अडलेली पगारवाढ मिळाली. त्याच्याकडून तिच्या कामाचा शेरा लिहिण्याचा अधिकारही काढून घेतला गेला. दोन कागदांमध्ये फरक होता तो एवढा.

यामागचा कायदा तुमच्या कार्यकारिणीला माहीत असायला हवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्याखालचे नियम लेखी माफीला जागा देतात, पण ती चौकशीनंतर करायच्या कारवाईत, ताकीद, पदोन्नती रोखणे, नोकरीतून काढणे यांच्या बरोबरीने. चौकशीच्या ऐवजी माफी, असे त्यात कुठेही नाही. कलम १० मध्ये समेटाची तरतूद आहे खरी. मात्र तो फक्त तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून होऊ शकतो आणि पैसे देणे हा त्याचा आधार असू शकत नाही. असा समेट झाला की पुढे चौकशी होत नाही, आणि नेमकी म्हणूनच सगळी घाई त्या एका सहीसाठी चालते. मग घरी निरोप जातात, आई-वडिलांना समजावले जाते, 'सर तुझ्या वडिलांच्या वयाचे आहेत' असे सांगितले जाते. तुमच्या संस्थेत या तिघींना कुणी भेटायला गेले असेल, तर ते थांबवा. आरोपीला पीडितेच्या दारात पाठवण्याला सर्वोच्च न्यायालयाचाही विरोध आहे. विनयभंगाच्या आरोपीने तक्रारदार स्त्रीच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये घातली होती. मार्च २०२१ मध्ये ती रद्द करताना, जामिनाच्या अटींमुळे आरोपी आणि पीडिता यांचा संपर्क घडता कामा नये आणि न्यायालयांनी समझोता सुचवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

चौकशीचा आग्रह धरणे म्हणजे सरांना आधीच दोषी ठरवणे, असेही कुणी म्हणेल. तसे नाही. चौकशीत त्यांचे म्हणणे नोंदवले जाते, त्यांना साक्षीदार आणता येतात, आणि नव्वद दिवसांत ती पूर्ण करायची असते. त्यांच्यावर अन्याय झाला असेल, तर तो दूर होण्याची जागाही तीच आहे. फेसबुकवरच्या माफीनाम्याने त्यांनाही न्याय मिळत नाही, कारण त्यातून कुणालाच नेमके काय घडले ते कळत नाही. आणि पुराव्याअभावी तक्रार सिद्ध झाली नाही, म्हणजे ती खोटी होती, असे हा कायदा मानत नाही.

तुम्हाला अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती वाटते, हे मी समजू शकते. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी, त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या अशाच खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष ठरवले, आणि प्रतिष्ठेचा हक्क स्त्रीच्या सन्मानाच्या हक्काची किंमत देऊन जपता येत नाही, असे म्हटले. तरीही तुम्ही स्वतः समाजमाध्यमावर काही लिहू नका, असेच मी सांगेन. तक्रार समितीकडे जाऊ द्या.

माझा सगळ्यात जास्त राग मात्र माफी मागणाऱ्यावर नसतो. रात्री दहानंतरच्या तालमी कुणी मंजूर केल्या, एकेकट्या मुलीला 'पात्र समजावून सांगायला' सरांच्या घरी कुणी पाठवले, आणि एखादी रडत आली तेव्हा 'त्यांचा स्वभावच तसा आहे, तू मनावर घेऊ नकोस' असे कोण म्हणाले, याबद्दल त्या माफीनाम्यात एक अक्षर नसते. ती माहिती कार्यकारिणीकडेच असते. विषय वाढवू नका असे म्हणणाऱ्यांमध्ये ही माणसे असतील, तर ती सरांइतकीच स्वतःलाही वाचवत आहेत, हे लक्षात घ्या.

तुम्ही करण्यासारखे आहे ते असे. मानधनाशिवाय किंवा स्वयंसेवक म्हणून काम करणारेही या कायद्यात कर्मचारी धरले जातात, त्यामुळे 'आमची हौशी संस्था आहे' ही सबब चालत नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील, तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील, किंवा सर स्वतःच संस्थेचे प्रमुख म्हणून मालकाच्या जागी असतील, तर तक्रार जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करायची; त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग वेगळा आहे आणि माफीमुळे तो बंद होत नाही. चौकशी संपेपर्यंत पात्रनिवड, दौरे आणि शिबिरे यांपासून सरांना दूर ठेवण्याचा ठराव मांडा. तो नामंजूर झाला तरी कुणी विरोध केला हे इतिवृत्तात लिहून घ्या. आणि या तिघींपैकी प्रत्येकीसोबतची शेवटची घटना कधीची आहे, हे आजच विचारून घ्या. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. पण ती माफीनाम्याच्या तारखेपासून मोजली जात नाही, शेवटच्या घटनेपासून मोजली जाते.