प्राध्यापकांची प्रश्नपेटी : यंत्र आधी की जोडीदार?

(विद्यापीठ आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या संशोधनविषयक प्रश्नांना या सदरात वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, मी कराड परिसरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. वय ४१. आठवड्याला अठरा तास, वर नॅक (महाविद्यालयाचं मूल्यांकन) आणि परीक्षेची कामं. पूर्वी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) मायनर प्रोजेक्ट, म्हणजे छोटे संशोधन प्रकल्प असायचे, तेही गेले. आता सगळा पैसा आयआयटी आणि मोठ्या संस्थांकडे जातो. माझं प्रपोजल दोनदा परत आलं. सोबत जोडलं आहे. कुठे चुकतंय? आणि ‘पेअर’ योजनेत अर्ज करू का?

उत्तर : मायनर प्रोजेक्टची आठवण काढणारी पत्रं मला सारखी येतात. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि ती सोयही तिच्याबरोबर संपली. हळहळ वाटणं साहजिक आहे. थोडक्या पैशात रसायनं, एखादा ओव्हन आणि एक-दोन शोधनिबंध एवढं सहज व्हायचं.

तुमचं प्रपोजल वाचलं. परीक्षक असताना मी बजेटचं पान सगळ्यात आधी उघडायची, आताही तसंच केलं. मागणी पस्तीस लाखांची, त्यातले बावीस लाख एफटीआयआर आणि एचपीएलसी या रासायनिक विश्लेषणाच्या दोन यंत्रांना. हे वाचल्यावर परीक्षकाच्या डोक्यात येणारा प्रश्न रसायनशास्त्राचा नसतोच. प्रोजेक्ट संपल्यावर या यंत्रांची एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) कोण भरणार, सॉल्व्हंट कुठून येणार, आणि लाइट गेली की यूपीएस कोण बघणार? तुमच्या प्राचार्यांकडेही याचं उत्तर नसेल.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ‘सैफ’ आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारी विश्लेषण उपकरणांची ही सुविधा बाहेरच्या संशोधकांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासते. मुंबईत आयआयटीतही सैफ आहे. कोणतं यंत्र कुठल्या संस्थेत आहे ते २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ पोर्टलवर पाहता येतं. बावीस लाखांच्या जागी नमुने तपासण्याचं शुल्क आणि एसटीचं भाडं लिहा. आकडा एकदम खाली येतो आणि परीक्षकाचा चेहरा बदलतो.

आता विषय. उसाच्या पट्ट्यात राहून तुम्ही ग्राफीनवर (कार्बनच्या अतिपातळ थरावर) लिहिलं आहे! ग्राफीन वाईट नाही, पण त्यावर बंगळुरूत तुमच्यापेक्षा चांगल्या प्रयोगशाळेत काम चालू आहे आणि तिथले लोकही निधीच्या याच रांगेत उभे आहेत. तुमच्या आसपासच्या साखर कारखान्यांत दर हंगामात बॉयलरमधून बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख निघते, डिस्टिलरीतून स्पेंटवॉश हे सांडपाणी निघतं. गाळप सुरू झाल्यापासून संपेपर्यंत दर पंधरवड्याला नमुना आणणं तुम्हाला मोटरसायकलवर जमेल. पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेला ते जमत नाही. तुमच्या हातात जे आहे ते हे, आणि प्रपोजलमध्ये नेमकं तेच नाही.

म्हणून निधीच्या जाहिराती धुंडाळण्याआधी जोडीदार शोधा. त्यासाठीच असलेली योजना म्हणजे ‘टेअर’. ती ‘सर्ब’च्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या काळात सुरू झाली. सर्बचं काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे, म्हणजे एएनआरएफकडे आहे. राज्य विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या कायम शिक्षकाने नोकरी न सोडता आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), राष्ट्रीय प्रयोगशाळा अशा यजमान संस्थेत संशोधन करावं, अशी तिची रचना आहे. सर्बच्या नियमांत मुदत तीन वर्षं, शिक्षकाला पगाराव्यतिरिक्त वर्षाला ६०,००० रुपये, संशोधनासाठी वर्षाला पाच लाख, तेही दोन्ही संस्थांना निम्मे-निम्मे. यजमान संस्थेत वर्षाला किमान ९० दिवस काम करायचं, वयाची मर्यादा ४५. जाहिरात निघेल तेव्हा त्या वर्षीची नियमावली वाचा, मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली नको. तुमच्याकडे चारच वर्षं उरली आहेत, तेव्हा नॅकची फाइल संपण्याची वाट बघू नका. ती संपत नसते.

पुण्यात सीएसआयआरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, दोन्ही आहेत. कराडहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोचाल. पण तिथल्या शास्त्रज्ञाला ‘आदरणीय सर, आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे’ असं पत्र पाठवू नका. अशी पत्रं त्यांना रोज येतात. त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचा आणि दहा ओळींत लिहा : माझ्याकडे एका हंगामाचे इतके नमुने आहेत, इतकी मोजमापं मी कॉलेजमध्ये केली आहेत, पुढची तुमच्या यंत्राशिवाय होणार नाहीत. नमुने आधी गोळा करा. रिकाम्या हाताने लिहिलेलं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं.

नव्वद दिवसांचा हिशेब प्राचार्यांसमोर कागदावर मांडा. दिवाळी, उन्हाळी सुट्टी आणि उरलेल्या दिवसांसाठी ऑन ड्यूटी. तोंडी ‘बघू, करू’वर अर्ज भरला तर पुढे टाइमटेबल लावणाऱ्या सहकाऱ्याशी रोज भांडण होईल. एनओसीत दिवसांचा आकडा लिहून घ्या.

एएनआरएफच्या ‘पेअर’ योजनेबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिथे एक हब संस्था आणि तिला जोडलेली स्पोक विद्यापीठं असा संस्थांचा गट अर्ज करतो. एकट्या महाविद्यालयीन शिक्षकाने त्यात वेळ घालवू नये. तुमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना मात्र सांगा की यूजीसी-डीएई सीएसआर या यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाच्या संशोधन संस्थेची केंद्रं इंदूर, मुंबई आणि कोलकात्याला आहेत. त्यांच्यामार्फत इंदूरचं इंडस-२ सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) आणि मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन झोत विद्यापीठीय संशोधकांना विनाशुल्क वापरता येतात. खगोलशास्त्रात कुणाला रस असेल तर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची तीन वर्षांची व्हिजिटिंग असोसिएटशिप आहे. ती याच कामासाठी आहे : महाविद्यालयातल्या माणसाने सुट्टीत यावं, बसावं, काम करावं.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात इतिहास शिकवते. कोकणातल्या लहान बंदरांच्या व्यापारावर काम करायचं आहे. निधी म्हटला की विज्ञानच. आम्ही काय करायचं?

उत्तर : तक्रार निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी आपल्या लोकांच्या आळसाची. आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रं) आणि आयसीएचआर (इतिहास) या दोन संशोधन परिषदांच्या जाहिराती आपल्याकडे किती जण उघडून वाचतात? आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात, जे. पी. नाईक भवनात आहे. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे आणि आयसीएसएसआरचे पहिले सदस्य-सचिव. एकदा जाऊन या, ग्रंथालयही आहे.

तुमच्या विषयाची अडचण पैशापेक्षा भाषेची आहे. मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात इंग्रजी आणि मोडी कागद मिळतील. पण दक्षिणेकडच्या बंदरांचा अर्धा व्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारातल्या पोर्तुगीज कागदांत आहे. पोर्तुगीज वाचणारा गोव्यातला एखादा अभ्यासक सहसंशोधक म्हणून घ्या. तुम्ही मोडी वाचा, ते पोर्तुगीज वाचतील. नावापुरता को-पीआय (सहसंशोधक) आणि असा को-पीआय यांतला फरक समितीला लगेच कळतो. लंडनला ब्रिटिश काळातल्या इंडिया ऑफिसचे कागद पाहायची वेळ आली तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टच्या अल्पमुदतीच्या संशोधन अनुदानाचे नियम बघा.

प्रश्न : सिंधुदुर्गात वनस्पतिशास्त्र शिकवतो. युरोपातल्या एका प्रयोगशाळेने आंबोली भागातल्या काही वनस्पतींची वाळलेली पानं कुरिअरने मागवली आहेत. शोधनिबंधात नाव देणार म्हणतात. पाठवू का?

उत्तर : नाही. पोस्टात जाऊ नका, कुरिअरवाल्याकडेही नाही.

जैवविविधता कायदा २००२ नुसार परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला इथली जैविक साधनसंपत्ती संशोधनासाठी घ्यायची असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. पान वाळलेलं असलं तरी. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या सहयोगी प्रकल्पांना कलम ५ मध्ये सवलत आहे, पण ती प्रकल्पाला असते, दोन प्राध्यापकांच्या ईमेलमधल्या दोस्तीला नसते. २०२३ च्या दुरुस्तीने तुरुंगवास गेला. त्याऐवजी एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आली.

आणि नाव देणार म्हणजे कितवं? रानात तुम्ही फिरणार, फुलोरा कधी येतो ते तुम्हाला माहीत, ओळख तुम्ही पटवणार, आणि यादीत पाचवे? डीएनए वेगळा काढण्याचं काम इथेच एखाद्या भारतीय प्रयोगशाळेत करता येईल का ते त्यांना विचारा. लेखकांचा क्रम, विदा (डेटा) कुणाकडे राहणार आणि नमुन्यांच्या प्रती कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवणार, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. यावर ज्याला राग येतो त्याला सहकारी नको असतो, पुरवठादार हवा असतो. माझ्या ओळखीत असे पुरवठादार बरेच झाले, शोधनिबंध फार थोड्यांच्या पदरात पडला.

प्रश्न : प्रोजेक्टचा हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी आला. ३१ मार्चपर्यंत खर्च करा म्हणतात. लेखा विभाग म्हणतो, काहीही घ्या पण संपवा.

उत्तर : काहीही घेऊ नका. मार्चमध्ये घेतलेली काचेची भांडी पुढच्या वर्षी ऑडिटरला बिलाच्या तारखेसकट दिसतात. न संपलेली रक्कम पुढे नेण्याची परवानगी मागणारं पत्र याच आठवड्यात पाठवा, हप्ता खात्यात पडल्याची तारीख त्यात ठळक लिहा. युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधीच्या विनियोगाचं प्रमाणपत्र) जीएफआर, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १२-ए या नमुन्यातच द्या, शिल्लक आहे तशी दाखवा. खात्यावर व्याज जमा झालं असेल तर ते तुमचं नाही, महाविद्यालयाचंही नाही, केंद्राकडे परत जातं. लेखा विभागातल्या बाईंना हे जीएफआरच्या नियम २३० मध्ये काढून दाखवा, वाद तिथेच मिटेल. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.