स्वल्पविरामापाशी थांबलेली बेरीज

प्रश्न: मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'रक्कम' हा व्हारचार (म्हणजे मजकूर साठवणारा) कॉलम आहे. त्यात '१,२३४.५०', '(५००.००)' अशा किमती आहेत. बेरीज फारच कमी येते, एररही दिसत नाही. काय चुकतंय?

उत्तर: मायएसक्यूएल मजकूर डावीकडून वाचतं आणि आकड्यात न बसणारं चिन्ह आलं की तिथेच थांबतं. त्यामुळे '१,२३४.५०' चा होतो १ आणि कंसाने सुरू होणाऱ्या किमतीचा ०. सिलेक्टमध्ये (माहिती वाचणाऱ्या क्वेरीत) यावर फक्त वॉर्निंग मिळते. क्वेरीपाठोपाठ शो वॉर्निंग्ज चालवलंत की ती दिसेल.

आधी कंसातल्या किमतींचे कंस काढून पुढे उणे चिन्ह जोडा; हिशेबाच्या कागदात कंस म्हणजे उणेच. मग रिप्लेसने स्वल्पविराम काढा आणि शेवटी कास्ट करा (मजकुराचा आकडा बनवा), तेही डेसिमल(१२,२), म्हणजे एकूण १२ अंक आणि त्यांतले २ टिंबानंतर, असं पूर्ण लिहून. नुसतं डेसिमल लिहिलं तर डेसिमल(१०,०) धरलं जातं आणि १२३४.५० चे १२३५ होतात. पैशांना फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका.

एवढं करूनही काही ओळींत ० आला, तर नॉन-ब्रेकिंग स्पेसचा (ओळ तिथे तुटू नये म्हणून वापरलेल्या वेगळ्या स्पेसचा) संशय घ्या. वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यांत ती बरेचदा असते. डोळ्यांना साधी स्पेसच वाटते, पण ट्रिमने (कडेच्या स्पेस काढणाऱ्या फंक्शनने) जात नाही. मजकुराचे बाइट दाखवणारं हेक्स फंक्शन लावून पाहा: यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात 'सी२ए०' दिसलं तर तीच. ती रिप्लेसनेच काढावी लागते. रिकाम्या मजकुराचाही ० होतो, म्हणून कास्टआधी नलइफ लावा; ते रिकाम्या मजकुराच्या जागी नल, म्हणजे 'माहिती नाही', देतं. 'माहिती नाही' आणि 'शून्य' यांची सरमिसळ सरासरी बिघडवते.

मूळ कॉलमवर थेट अपडेट नको. नवा डेसिमल कॉलम जोडा, आणि तो भरण्याआधी साफ केलेल्या मजकुरात अंक, सुरुवातीचं उणे आणि एक टिंब यांपलीकडे काही उरलेल्या ओळी रेजेक्सने (मजकुराचा नमुना देऊन शोधायच्या पद्धतीने) शोधा. त्या हातानेच बघायच्या.

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इजन्यूमेरिक (मजकूर आकडा आहे का ते तपासणारं फंक्शन) १, म्हणजे 'हो', देतं, तरी डेसिमलमध्ये कास्ट फसतं. असं का?

उत्तर: कुठल्याही एका अंकप्रकारात बसलं तरी इजन्यूमेरिक १ देतं. '१,२३४.५०' मनी या पैशांच्या प्रकारात बसतं, डेसिमलमध्ये नाही. नुसत्या '$' लाही १ मिळतो! ट्राय_कास्ट वापरा (२०१२ च्या आवृत्तीपासून आहे). न जमलेल्या जागी ते नल देतं. मात्र '१.२३४,५०' अशा युरोपीय पद्धतीच्या (स्वल्पविराम हाच दशांश चिन्ह असलेल्या) फाइलसाठी ट्राय_पार्स घ्या आणि कल्चर (कुठल्या देशाची लिहिण्याची पद्धत) स्पष्ट लिहा. तिथे स्वल्पविराम आंधळेपणाने काढलात, तर १.२३४५० हा अगदी वैध पण साफ चुकीचा आकडा मिळेल, आणि तो अशा तपासण्यांत पकडला जाणार नाही.