शंकासमाधान : मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाविषयी

नोव्हेंबर (2 तारखेला कॅथलिकांचा सर्व मृतांचा स्मरणदिन असतो) जवळ आला की या सदराकडे मृतांविषयीची पत्रे अधिक येऊ लागतात. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. उत्तरे देताना सर्व चर्चेसना मान्य असलेले काय आणि चर्चेसमध्ये मतभेद कोठे आहेत, हे शक्य तितके वेगळे ठेवले आहे.

प्रश्न : वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी आमच्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितले की, ते आता प्रभूजवळ आहेत. त्यानंतर कबरस्थानात त्यांनीच वाचून दाखवले की, ख्रिस्तामध्ये मेलेले शेवटल्या दिवशी तुतारीच्या नादाबरोबर उठतील. वडील आताच प्रभूजवळ असतील, तर शेवटल्या दिवशी उठणार कोण? आणि ते अजून निजलेले असतील, तर प्रभूजवळ कसे?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पाळकसाहेबांची दोन्ही विधाने नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांतील आहेत. फिलिप्पैकरांना लिहिताना, येथून सुटून ख्रिस्ताजवळ असावे अशी उत्कंठा तो व्यक्त करतो, आणि थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तुतारीचा व मृतांच्या उठण्याचा उल्लेख करतो. त्याला स्वतःला यात विसंगती वाटलेली दिसत नाही. आपल्याला ती वाटते, कारण मेल्यावर आत्म्याने स्वर्गात जाणे हाच ख्रिस्ती आशेचा शेवट आहे, असे आपण नकळत धरून चालतो. दर रविवारी म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, मात्र आत्म्याच्या अमरत्वाचा शब्दही नाही. तेथे शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन हे शब्द आहेत. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातही माणसे वर जात नाहीत, तर नवे यरुशलेम खाली उतरते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो.

ही आशा एकाएकी उगवलेली नाही. जुन्या कराराच्या बऱ्याच भागात मृत व्यक्ती अधोलोकात जाते, आणि तेथून परमेश्वराचे स्तवनही होत नाही, असे स्तोत्रकर्ते खेदाने म्हणतात. मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, हे स्पष्ट शब्दांत प्रथम दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येते. येशूच्या काळच्या दोन यहुदी पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत होते आणि सदूकी ते नाकारत होते. आपला भाऊ लाजर शेवटल्या दिवशी उठेल, असे बेथानीची मार्था येशूला सांगते, तेव्हा ती त्या काळच्या पुष्कळ यहुदी लोकांची श्रद्धाच बोलून दाखवत असते. येशू उठला, या साक्षीमुळे ख्रिस्ती लोकांसाठी त्या दूरच्या दिवसाची सुरुवात झालेली आहे. म्हणूनच पौल करिंथकरांना लिहिताना ख्रिस्ताला निद्रिस्तांतील प्रथमफळ म्हणतो.

तेव्हा अडचण शेवटाविषयी नाही, मधल्या काळाविषयी आहे, आणि या मधल्या काळाविषयी शास्त्र फार थोडे बोलते. वधस्तंभावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोक देऊ केला. श्रीमंत माणूस आणि लाजर नावाचा भिकारी (मार्थेचा भाऊ नव्हे) यांच्या दृष्टांतात दोघेही मरणानंतर शुद्धीवर आहेत. दुसऱ्या बाजूला, मृतांना काहीच कळत नाही, असे जुन्या करारातील उपदेशक हे पुस्तक म्हणते. या विषयावर पोपसुद्धा अडखळलेले आहेत. बाविसावे जॉन यांनी 1331 मध्ये अव्हिन्यों येथे प्रवचनांतून असे मांडले की, नीतिमानांच्या आत्म्यांना देवाचे पूर्ण दर्शन अंतिम न्यायानंतरच घडेल. त्यावर मोठा गदारोळ झाला, मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले, आणि त्यांच्यानंतर आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी 1336 मध्ये निर्णय दिला की, ज्यांना आणखी शुद्धीची गरज नाही अशा आत्म्यांना पुनरुत्थानापूर्वीच देवाचे दर्शन लाभते. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने पोपची सत्ता नाकारली, तरी आत्मा झोपी जातो या मताविरुद्ध त्याने 1534 मध्येच एक पुस्तक लिहून काढले. प्रॉटेस्टंट परंपरेतील बहुतेक चर्चेस आजही त्याच्याच बाजूला आहेत. मृत व्यक्ती पुनरुत्थानापर्यंत काहीही जाणीव नसलेल्या निद्रेत असते, असे मानणाऱ्यांत आपल्याकडे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी ठळक आहे, आणि तिचे म्हणणेही शास्त्राच्याच आधारावर उभे असते.

तुमच्या पाळकसाहेबांच्या बोलण्याचा अर्थ असा, की वडील ख्रिस्ताजवळ विसावले आहेत, पण त्यांचे तारण, म्हणजे उद्धार, अजून पूर्णत्वाला गेलेले नाही. ज्या देहाने ते जगले, राबले आणि ज्याने तुम्हाला कवेत घेतले, तो देह रूपांतरित होऊन उठेल, तेव्हा ते पूर्ण होईल. तो देह कसा असेल, याचे उत्तर पौलाने बी आणि रोप यांचा दाखला देऊन जेथे सोडले आहे, त्याच्या पुढे जाणाऱ्या वर्णनांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : माझे माहेर प्रॉटेस्टंट आणि सासर वसईचे कॅथलिक आहे. दर वर्षी 2 नोव्हेंबरला सासूबाई सासऱ्यांच्या कबरीवर फुले घालतात, मेणबत्त्या लावतात आणि त्यांच्या नावाने मिस्सा (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करायला सांगतात. माझी आई म्हणते, मेलेल्यासाठी प्रार्थना करणे अशास्त्रीय आहे, कारण मरणानंतर दुसरी संधी नसते. मी तेथे नुसती उभी राहावे की त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी?
— एक वाचिका, वसई

उत्तर : तुमच्या आईंच्या वाक्याचा उत्तरार्ध सासूबाईंनाही मान्य असायला हवा. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात ती शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी, पण शुद्धिस्थान म्हणजे मरणानंतर मिळणारी दुसरी संधी, असे कॅथलिक शिकवणीत कोठेही नाही. देवाच्या कृपेत मरण पावलेल्या, परंतु अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या माणसांची ती शुद्धी आहे. त्यांचे तारण निश्चित झालेले असते, आणि तेथून नरकात जाण्याची वाट नसते. हा गैरसमज कॅथलिक घरांतही इतका मुरलेला आहे की, तो बाहेरच्यांनी निर्माण केला असे म्हणवत नाही.

वादाचे एक मूळ पवित्र शास्त्रातील पुस्तकांच्या संख्येत आहे. मक्काबी दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, तेव्हा यहुदा मक्काबी वर्गणी गोळा करून त्यांच्यासाठी पापार्पण करण्याकरिता यरुशलेमला पैसे पाठवतो, आणि हे कृत्य पुनरुत्थानावरील विश्वासातून झाले, अशी लेखक त्याची प्रशंसा करतो. हे पुस्तक कॅथलिकांच्या 73 पुस्तकांत आहे, प्रॉटेस्टंटांच्या 66 पुस्तकांत नाही. दुसरे मूळ इतिहासात आहे. जर्मनीत पैसे घेऊन दंडमुक्तीची, म्हणजे पापांच्या शिक्षेतून (शुद्धिस्थानातील मृतांनाही) सूट देणारी, पत्रे वाटली जात होती, त्याविरुद्ध मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये आपले 95 मुद्दे मांडले. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली खरी, परंतु त्याच ठरावात या विषयातील अंधश्रद्धा आणि हीन द्रव्यलोभ यांना बिशपांनी मनाई करावी, असेही बजावले. इंग्लंडच्या चर्चचा गोंधळ तर फारच बोलका आहे : 1549 च्या प्रार्थनापुस्तकात मृतांसाठी प्रार्थना होती आणि 1552 च्या पुस्तकातून ती काढून टाकली गेली. ऑर्थोडॉक्स चर्चेस शुद्धिस्थानाची कॅथलिक व्याख्या स्वीकारत नाहीत, तरीही मृतांसाठी नित्य प्रार्थना करतात.

हल्लीच्या कॅथलिक मांडणीत शुद्धिस्थान ही आगीची खोली राहिलेली नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 च्या आपल्या विश्वपत्रात, काही आधुनिक ईशज्ञान्यांचा हवाला देऊन, ख्रिस्ताशी होणारी भेट हीच जाळणारी आणि तारणारी आग आहे, असा विचार पुढे ठेवला. हे वाचल्यावर दोन बाजूंमधले अंतर वाटते तितके रुंद नाही, असे मला वाटते. मात्र ते मिटले आहे, असे म्हणणे खोटे ठरेल.

व्यवहारात तुम्ही काय करावे? तुमच्या परंपरेत मृत व्यक्तीबद्दल देवाचे उपकार मानण्यास कोणतीही हरकत नाही, आणि सासऱ्यांच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती तुम्ही मनापासून करू शकता. त्यापुढे ‘त्यांना शांती दे’ हे शब्द तोंडून निघाले, तर ते सासूबाईंसमोर मागे घेण्याची गरज मला दिसत नाही. आणि ते निघाले नाहीत, तर शेजारी उभे राहणे हाही आदरच आहे. माणसांना कबरीपाशी उलटतपासणी नको असते.

प्रश्न : आरंभीचे ख्रिस्ती लोक पुनर्जन्म मानत होते आणि पुढे एका परिषदेने तो बायबलमधून काढून टाकला, असा संदेश मला व्हॉट्सअॅपवर अनेकदा आला आहे. मी स्वतः हिंदू आहे. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. संदेशातील परिषद 553 ची कॉन्स्टँटिनोपल येथील असते. तिच्याशी जोडलेली निषेधवचने आत्मा देहापूर्वी अस्तित्वात होता या मताविरुद्ध आहेत. बायबलमधून तिने काहीही वगळले नाही, आणि त्याच्या खूप आधी लिहिलेल्या हस्तलिखितांतही पुनर्जन्माची शिकवण नाही. ज्या ओरिजेन या तिसऱ्या शतकातील ईशज्ञान्याचे नाव या संदर्भात घेतले जाते, त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे देवाच्या चर्चला परके आहे, असे स्वतःच लिहून ठेवले आहे. माणसाला एकदाच मरण आणि नंतर न्याय, हे इब्री लोकांस पत्रातील वाक्य ख्रिस्ती भूमिका नेमकी सांगते. पुनर्जन्मात आत्मा नवा देह घेतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती आपल्या देहासह, कायमची, उठते.

प्रश्न : आम्ही मुंबईचे कॅथलिक आहोत. वडिलांची इच्छा विद्युतदाहिनीत दहन व्हावे आणि अस्थी नाशिकला गोदावरीत सोडाव्यात, अशी आहे. दहन झालेल्या माणसाचे पुनरुत्थान होते का, असे नातेवाईक विचारतात.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : पुनरुत्थान हाडांच्या शाबूत राहण्यावर अवलंबून नाही. 177 मध्ये ल्योंच्या ख्रिस्ती हुतात्म्यांचे मृतदेह जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली, ती त्यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये म्हणूनच. त्या काळच्या मंडळीने ही थट्टा मनावर घेतली नाही. रोमने 1886 मध्ये दहनाला मनाई केली, कारण युरोपात तेव्हा दहनाचे काही पुरस्कर्ते त्याला पुनरुत्थान नाकारण्याची घोषणा मानत होते. 1963 मध्ये ही मनाई उठली. दफनाला आजही प्राधान्य आहे, आणि अशा नकारासाठी निवडलेले दहन मात्र वर्ज्य आहे.

अस्थिविसर्जनाचे मात्र जमणार नाही. व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेनुसार राख पवित्र जागी, म्हणजे कबरस्थानात किंवा चर्चच्या कोनाड्यात, ठेवावी लागते. नदीत सोडणे, विखुरणे किंवा घरी ठेवणे मान्य नाही. 2023 च्या टिपणाने थोडीशी राख मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी ठेवू देण्याची वाट मोकळी ठेवली आहे, पण ती बिशपांच्या परवानगीने आणि इतर अटी सांभाळून. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे कबरी काही काळाने पुन्हा उघडाव्या लागतात आणि अस्थी कोनाड्यांत हलवल्या जातात, हे नातेवाइकांना ठाऊकच असेल. अखेर दफन आणि दहन या दोन्ही वाटा कोनाड्यांच्या त्याच भिंतीपाशी येतात. वडील आहेत तोपर्यंतच त्यांनी आपल्या पॅरिशच्या फादरांशी बोलावे, म्हणजे ऐनवेळी घरात वाद होणार नाहीत.

प्रश्न : मला वाढवणारी माझी आजी अखेरपर्यंत हिंदूच राहिली. एका प्रार्थनासभेत मला सांगण्यात आले की, ती नक्की नरकात आहे. मी कॅथलिक आहे. तिच्यासाठी मिस्सा सांगता येईल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : सांगता येईल. ‘नक्की’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्या सभेत कोणालाही नव्हता. चर्चच्या जुन्या दस्तऐवजांत कठोर भाषा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. फ्लॉरेन्सच्या परिषदेने 1442 मध्ये चर्चबाहेरच्यांना तारण नाही, असे अत्यंत कडक शब्दांत म्हटले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र 1964 मध्ये चर्चविषयीच्या आपल्या संविधानात म्हटले की, जे स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताला ओळखत नाहीत, पण प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाच्या हाकेनुसार त्याच्या इच्छेप्रमाणे वागण्याचा यत्न करतात, त्यांनाही तारण लाभू शकते. या विधानाला पौलाचा आधार आहे : ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही, त्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेले आहे, असे तो रोमकरांना लिहितो.

तुमच्या सभेतील मंडळी बहुधा इव्हँजेलिकल परंपरेतील असावीत. त्या परंपरेत पुष्कळ जण ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्यावाचून तारण नाही, असे मानतात, आणि ते मत त्यांनी मांडावे. पण मत मांडणे वेगळे आणि विशिष्ट आजीचा निकाल देणे वेगळे. नरक आहे, असे कॅथलिक चर्च शिकवते. तरीही त्या चर्चने आजवर कितीतरी नावे संत म्हणून घोषित केली असताना, अमुक माणूस नरकात आहे असे एकाही नावाबद्दल घोषित केलेले नाही.

मिस्सेच्या चौथ्या कृपाप्रसादाच्या प्रार्थनेत, ज्यांचा विश्वास केवळ देवालाच ठाऊक होता अशा सर्व मृतांचे स्मरण केले जाते. फादरांना आजीचे नाव द्या आणि शक्य असेल तर हीच प्रार्थना वापरण्याची विनंती करा.