‘इंद्रधनुषी चंद्रकांत’ नकोच

‘रेनबो मूनस्टोन’ नावाने विकल्या जाणाऱ्या खड्याला मराठीत ‘इंद्रधनुषी चंद्रकांत’ म्हणावं का, असा प्रश्न आहे. नको. मुळात तो मूनस्टोनच नाही, पांढरट लॅब्राडोराइट आहे. दोन्ही फेल्डस्पार या खनिज-घराण्यातलेच, पण मूनस्टोन पोटॅशियमवाला आणि लॅब्राडोराइट सोडियम-कॅल्शियमवाला. विशिष्ट गुरुत्वही वेगळं: एकाचं 2.57च्या आसपास, दुसऱ्याचं 2.70. ‘ओपलाइट’ तर निव्वळ काच! काळ्या कापडावर निळसर दिसते, दिव्यासमोर धरली की नारिंगी. तीही मूनस्टोन म्हणून खपवतात.

खरी गंमत फेल्डस्पार या नावात आहे. मूळ जर्मन ‘फेल्डश्पाट’: फेल्ड म्हणजे शेत, श्पाट म्हणजे सपाट पृष्ठांवर फुटणारं खनिज. आयरिश खनिजशास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांनी 1794 साली ते ‘फेल्स’शी, म्हणजे खडकाशी जोडलं आणि मधला ‘ड’ गळाला. आपण अजून ‘फेल्स्पार’च गिरवतोय. या घराण्यातली बरीच नावं फुटण्यावरून पडली आहेत. ऑर्थोक्लेज म्हणजे काटकोनात फुटणारा, प्लॅजिओक्लेज तिरपा फुटणारा, मायक्रोक्लाइन काटकोनाला जेमतेम चुकणारा (हिरवा अमेझोनाइट तो हाच). माझं तर म्हणणं, ‘स्फटिक’ हा शब्द ‘स्फट्’ म्हणजे फुटणे या धातूवरून आला असेल, तर तो क्वार्ट्झला देणं हा अन्यायच. क्वार्ट्झ काचेसारखा वेडावाकडा फुटतो. नावाचा खरा मानकरी फेल्डस्पार! कोशकार हे मानणार नाहीत. त्यांनी एकदा दोन्हींवर हातोडी मारून बघावी.

या सरळ फुटण्याला खनिजशास्त्रात ‘पाटन’ म्हणतात, आणि दागिन्याचा घात तेच करतं. पाटनाच्या दोन दिशा जवळजवळ काटकोनात असतात. प्राँग (खडा पकडणारी धातूची नखं) दाबताना जोर त्या दिशेने गेला की खडा चिरतो, म्हणून अंगठीत चारी बाजूंनी बंद कोंदणच बरं. झाळकाम असेल तर खडा आधी काढून घ्यावा. साफ करताना अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ दोन्ही वर्ज्य: मूनस्टोनच्या पोटात गोमेसारख्या बारीक चिरा असतात, कंपनांनी किंवा उष्णतेने त्या वाढतात. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढंच. मूनस्टोनची कठिणता मोहस मापकावर 6 ते 6.5, आणि धुळीतल्या वाळूची 7. त्यामुळे कोरडा खडा कापडाने घासला की चकाकी गेलीच. आधी धुवा, मग टिपा.