रक्तपेढीत ऑटोमॅटिक कंपोनंट एक्स्ट्रॅक्टर (रक्ताचे घटक आपोआप वेगळे करणारं यंत्र) घेतला तर तंत्रज्ञाचं नेमकं कोणतं काम वाचतं?

पिशवी दाबत डोळ्यांत तेल घालून थर पाहत बसण्याचं. बाकी बरंचसं हातानंच करावं लागतं.

४५० मिली रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमधून फिरून आली की वर प्लाझ्मा, मध्ये बफी कोटचा (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचा) पातळ थर आणि खाली लाल पेशी असतात. साध्या एक्स्प्रेसरवर (पिशवी दाबायच्या साधनावर) तंत्रज्ञ नजरेच्या अंदाजानं नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावतो. यंत्रात प्रेस प्लेट पिशवी संथपणे दाबते, ऑप्टिकल सेन्सरला लाल पेशी दिसताच क्लॅम्प आपोआप बंद होतो आणि वजनं नोंदली जातात. बऱ्याच मॉडेलांत नळीही तिथंच सील होते. टॉप-अँड-बॉटम पिशवीत प्लाझ्मा वरून, लाल पेशी खालून निघतात आणि बफी कोट मूळ पिशवीतच उरतो. माझ्या मते खरा फायदा वेगाचा नाही, सगळ्या पिशव्या सारख्या निघण्याचा आहे.

मात्र फिरवणंच चुकलं तर यंत्र ते सुधारत नाही. सेंट्रिफ्यूजच्या समोरासमोरच्या कपांचं वजन जुळलं नाही, ब्रेक जोरात लागला किंवा पिशवी काढताना हलली, तर थर ढवळतात. मग सेन्सर लवकर थांबतो आणि प्लाझ्मा कमी मिळतो. चरबीमुळे दुधाळ झालेला प्लाझ्माही सेन्सरला फसवू शकतो. कॅन्युला (पिशवीची नळी उघडण्यासाठी मोडायची खुंटी) अर्धवट मोडला तर प्रवाह अडतो.

प्लेटलेट हव्या असतील तर रक्त २० ते २४ अंश सेल्सिअसलाच ठेवा. फ्रीजमध्ये गेलेल्या पिशवीतून प्लेटलेट काढू नका.