पूडल की श्नाउझर? आधी रोज फणी कोण धरणार ते ठरवा

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं नोकरीला जाता, मुलगी सात वर्षांची आहे आणि सासूबाई दिवसभर घरी असतात. कुत्रा जवळ आला की मिस्टरांना शिंका येतात, म्हणून केस कमी गळणारी जात हवी आणि आता मिनिएचर पूडल की मिनिएचर श्नाउझर यावर घोडं अडलंय. माझ्याकडे तेरा वर्षं श्नाउझर होता, गेली सहा वर्षं पूडल आहे. दोघांवरही माझा सारखाच जीव, त्यामुळे एकाची बाजू घेऊन लिहीत नाहीये.

आधी शिंकांचं. केस गळत नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी होणार नाही, असं धरून कृपया पिल्लू आणू नका. त्रास केसांचा नसतो. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत जी प्रथिनं असतात त्यांचा असतो, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. २०११ साली अमेरिकेत १७३ घरांतली धूळ तपासली गेली होती. अ‍ॅलर्जीवाल्यांना चालतात असं म्हटल्या जाणाऱ्या जाती ज्या घरांत होत्या, तिथे मुख्य प्रथिनाचं प्रमाण इतर घरांपेक्षा कमी निघालं नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांवर ते उलट जास्त सापडलं. तेव्हा मिस्टरांनी आधी डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीची नीट तपासणी करून घ्यावी. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते: यातलं एक प्रथिन फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. तपासणीत केवळ त्याचीच अ‍ॅलर्जी निघाली, तर मादी त्यांना सोसू शकते. मग जातीपेक्षा नर की मादी हा प्रश्न मोठा ठरतो. आणि ज्या कुत्र्याला आणायचं त्याच्याच सहवासात मिस्टरांनी दोन-तीनदा, दर वेळी तासदोन तास बसून पाहावं.

आता केस. पूडलचे केस गळत नाहीत असं म्हणतात, पण ते गळतात. फक्त जमिनीवर न पडता कुरळ्या केसांतच अडकून राहतात आणि तिथेच त्यांची जट होते. वरून ब्रश फिरवला की कुत्रा मऊ, फुललेला दिसतो. मग धातूची फणी घेऊन कानामागे थेट कातडीपासून वर ओढून पाहा. अडकली, तर तिथे जट आहे. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला, या चार जागा रोज बघायच्या. माझी पूडल साधारण दहा महिन्यांची असताना मी एकदा न विंचरता तिला आंघोळ घातली. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात तो हा काळ, तेव्हा गुंता सर्वांत जास्त होतो. पाणी लागून प्रत्येक गुंता आवळला गेला आणि अंगावर नमद्यासारखा थर झाला. शेवटी सगळे केस मुळापासून काढावे लागले, आणि खालची लाल झालेली कातडी बघून मला रडू आलं होतं. तेव्हापासून आधी फणी, मग पाणी. हे रोजचं पंधरा मिनिटांचं काम आहे, शिवाय चार ते सहा आठवड्यांनी केस कापून घ्यावे लागतात.

श्नाउझरचं काम त्या मानाने कमी. वरचे केस राठ, आत मऊ थर. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरलं आणि दीड-दोन महिन्यांनी मशीन फिरवलं की भागतं. मात्र दाढी रोज पुसावी लागते. पाणी पिऊन आला की दाढीतून थेंब गाळत तो घरभर फिरणार, आणि दाढी ओली राहिली तर वास येतो.

पण खरा फरक आवाजाचा आहे. श्नाउझर मूळचा जर्मनीतल्या शेतावरचा, उंदीर मारणारा आणि अनोळखी माणूस आला की वर्दी देणारा. ते त्याच्या रक्तात आहे. लिफ्टचं दार वाजलं, जिन्यात पावलं ऐकू आली, की तो भुंकणार. शिकवून कमी होतं, बंद होत नाही. सासूबाई दुपारी झोपतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे ठळक सांगते. पूडलही भुंकते, पण ती समजावणीला पटकन वळते. तिची अडचण वेगळी: तिला माणूस लागतं. रिकाम्या घरात तासन् तास राहणं तिला झेपत नाही. तुमच्याकडे दिवसभर कुणीतरी आहे, ही तिच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू.

मुलीच्या बाबतीत श्नाउझर अंगाने दणकट, धसमुसळा खेळ सहज सोसतो. मिनिएचर पूडलही चालेल, फक्त टॉय आकाराची घेऊ नका. सात वर्षांच्या हातून एवढंसं पिल्लू पडलं तर पाय मोडतो.

आजारांचं थोडक्यात. श्नाउझरच्या रक्तात चरबी वाढण्याची आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची प्रवृत्ती असते. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी प्रेमाने त्याला तळलेलं भरवलं. रात्री उलट्या सुरू झाल्या, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचं अंग वर करून तो तसाच उभा राहिला. पोट दुखत असल्याची ती खूण होती. चार दिवस सलाइनवर होता. आजी-नातीच्या ताटातून घास मिळणाऱ्या घरात हा धोका हलका समजू नका. पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं, कानाचे संसर्ग आणि हळूहळू दृष्टी जाण्याचा एक आनुवंशिक आजार दिसतो. त्या आजाराची डीएनए तपासणी होते. ब्रीडरकडे पिल्लाच्या आई-वडिलांचे रिपोर्ट मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथून पिल्लू घेऊ नका.

माझं मत: तुमच्या घराला मिनिएचर पूडल, पण एका अटीवर. रोज फणी कोण धरणार हे आजच ठरवा, आणि ते काम मुलीच्या नावावर टाकू नका. तुमच्या दोघांपैकी कुणालाही ते जमणार नसेल तर श्नाउझर घ्या आणि भुंकण्यावर पहिल्या आठवड्यापासून मेहनत करा. केस न विंचरलेली पूडल दिवसरात्र कातडी ओढली जात जगते, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सासूबाईंना कुत्र्याची सवय आहे का, आणि पायात काही घुटमळलं तर त्यांचा तोल जाईल का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पिल्लू आणावं की दोन-तीन वर्षांचा शांत झालेला कुत्रा घ्यावा, यावर नीट लिहिते.