गंजलेला ब्रेक पाइप : तुकडा जोडावा की अखंड बदलावा?

प्रश्न : माझी पिकअप गाडी वीस वर्षांहून जुनी आहे. अलीकडे ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले आणि ब्रेक ऑइलची पातळीही उतरलेली दिसली. गाडीखाली पाहिले असता, मागच्या चाकांकडे जाणारा पोलादी पाइप चेसिसवरच्या एका क्लिपजवळ गंजून ओलसर झालेला आढळला. बाकीचा पाइप वरवर ठीक दिसतो. तेवढाच भाग कापून कॉम्प्रेशन जोडाने नवा तुकडा बसवावा का? तांब्याची नळी हाताने सहज वाकते, ती चालेल का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. त्याआधी एक कळकळीची विनंती : दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी चालवू नका, हलवावीच लागली तर दुसऱ्या वाहनावर चढवून न्या. बहुतेक पिकअप गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांचे ऑइलचे मार्ग मास्टर सिलिंडरपासूनच (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरपासूनच) वेगळे असतात, त्यामुळे मागचा पाइप फुटला तरी पुढचे ब्रेक लागतात. परंतु पेडल बरेच खाली जाते आणि गाडी थांबायला कितीतरी अधिक अंतर लागते.

हा पाइप साधारणपणे ४.७५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटरची असते, तर जोरात ब्रेक दाबल्यावर आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीच्या आसपास जाऊ शकतो. क्लिपखाली चिखल आणि ओल अडकून राहते, क्लिप घासून पाइपवरचा थर जातो, म्हणून गंज तिथे आधी दिसतो. पण त्याच पाइपचा उरलेला भागही तितकीच वर्षे त्याच ओलीत राहिलेला असतो. एक तुकडा बदलला की पुढची गळती शेजारच्या क्लिपखाली सुरू होते, असा माझा अनुभव आहे. कॉम्प्रेशन जोड नळीला केवळ कडीच्या पकडीने धरून ठेवतो आणि एवढ्या दाबाखाली तो निसटू शकतो. शुद्ध तांबे सततच्या हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. याउलट, सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूची ब्रेक नळी गंजत नाही, हाताने वाकते आणि तिचा फ्लेअरही (जोडात घट्ट बसण्यासाठी पसरवलेले टोक) चांगला होतो. ती दिसायला तांब्यासारखीच असल्याने रंगावर विसंबून खरेदी करू नका.

कामाला हात घालण्यापूर्वी सर्व चाकांचे ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा बाहेर काढण्याचे छोटे स्क्रू) सुटतात का ते पाहा, कारण पाइप बसवून झाल्यावर निपल तुटला तर केलेले काम अडून बसते. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे ऑइल मारून ठेवा आणि सोडवताना ब्रेक पाइपसाठीचा खाच असलेला रिंग पानाच वापरा. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. नटाबरोबर पाइपही पिळू लागला तर ओढाताण न करता पाइप नटाजवळच कापा आणि सहा कोनी सॉकेट लावा, जुना पाइप टाकूनच द्यायचा आहे. जुना पाइप मात्र शक्य तितका अखंड काढा, कारण नव्या पाइपची लांबी आणि वळणे त्याच्यावरूनच घ्यायची असतात.

सर्वाधिक वेळ द्यावा तो फ्लेअरला. पाइपच्या टोकाचे फ्लेअर मुख्यतः दोन प्रकारचे असतात : आत दुमडलेला ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर आणि फुग्यासारखा गोल फ्लेअर. जुन्या टोकाला जो असेल तोच नव्याला करावा, कारण एकाच्या जागी दुसरा बसवल्यास नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही. नटाचे आटेही इंचाचे आहेत की मेट्रिक, हे जुन्याशी ताडून पाहावे. नळी करवतीने न कापता पाइप कटरने काटकोनात कापावी, आतली धार साफ करावी, कीस फुंकून बाहेर काढावा, आणि फ्लेअर करण्यापूर्वी नट नळीत घातला आहे याची खात्री करावी. एकेरी फ्लेअर ब्रेकसाठी वापरू नये. तयार फ्लेअर उजेडात धरून पाहा. तो तिरका असेल किंवा त्यावर बारीकशी जरी चीर असेल, तर कापून पुन्हा करा. नवा पाइप सायलेन्सरपासून दूर आणि प्रत्येक जागी नव्या क्लिपने बांधलेला असावा.

प्रश्न : मागचा पाइप बदलून, आत शिरलेली हवा अनेकदा काढली, तरी पेडल मऊच लागते. काय राहून गेले असेल?

उत्तर : बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला, भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी चेसिसखाली टेकू देऊन उचलली की ॲक्सल लोंबकळतो, व्हॉल्व्ह गाडी रिकामी असल्याचे समजून मागचा प्रवाह आवळतो आणि हवा आतच राहते. टेकू ॲक्सलखाली देऊन, गाडीचा भार त्यावर येऊ द्या आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून पुन्हा हवा काढा, मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत टाकी मध्येच रिकामी झाली असेल तर हवा त्या युनिटमध्ये अडकते, आणि ती काढायला अनेकदा स्कॅनर लागतो.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच आणि ताज्या बाटलीतले घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषतात : कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत घसरू शकतो. सिलिकॉनचे डॉट ५ यांत मिसळू नये. हवा निघाल्यावर इंजिन चालू ठेवून एकाने पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. कुठेही ओल लागली तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.